राखेची खरी जागा

श्रीरामपूर तालुक्यात उसाच्या हिशेबात काहीच वाया जात नाही, असे म्हणायची पद्धत आहे. मळी डिस्टिलरीकडे, प्रेसमड शेतात, बगॅस म्हणजे पिळलेल्या उसाचा चोथा बॉयलरमध्ये. बॉयलरखालची राख मात्र कोणाच्याच खात्यावर धड मांडली जात नाही. हजार टन ऊस गाळला की 280 ते 300 टन बगॅस निघते. ते सगळे जाळले, तर ढोबळमानाने पाच-सहा टन राख उरते. उसाबरोबर आलेल्या मातीप्रमाणे कमी-जास्त. या राखेत सिलिका भरपूर, म्हणजे एका अर्थाने वाळूच. आणि वाळू-दगड तापवून उष्णता साठवता येते. मग राखेतच का साठवू नये? हा विचार निम्मा बरोबर आहे, म्हणूनच तो तपासायला हवा.

साठलेली उष्णता म्हणजे वस्तुमान, विशिष्ट उष्मा आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार. किलोमागे एक अंश तापवायला पाण्याला 4.18 किलोज्यूल लागतात. वीट, काँक्रीट, पोलाद कारखान्यातला स्लॅग यांना 0.9 च्या आसपास. पाणी इथे कितीही सरस असले तरी शंभर अंशांपुढे ते दाबाखाली कोंडावे लागते. विटेला ती अडचण नाही.

आता शिर्डीच्या साई प्रसादालयाचे उदाहरण घेऊ. तिथे 2009 मध्ये 73 सौर तबकड्या बसल्या. दिवसाला सुमारे साडेतीन हजार किलो वाफ, असा त्यांचा अंदाज होता. समजा, त्यातली हजार किलो वाफ दिवेलागणीनंतर हवी आहे. तीस अंशांच्या पाण्याची तेवढी वाफ करायला सुमारे 2,600 मेगाज्यूल उष्णता लागते. विटांचे तुकडे 350 अंशांपर्यंत तापवून 150 पर्यंत निवू दिले, तर टनामागे 180 मेगाज्यूल मिळतात. म्हणजे पंधरा टन तुकडे. गळती धरली तर आणखी. एवढी उष्णता तबकडीतून थेट विटेत उतरवणे हा वेगळा खटाटोप. राजस्थानात अबू रोडच्या ‘इंडिया वन’ प्रकल्पात 770 तबकड्यांच्या केंद्रापाशी ओतीव लोखंडच ठेवले आहे, ते याचसाठी.

हेच पंधरा टन साखर कारखान्याला देऊ केले, तर चीफ इंजिनिअर हसेल. ओले बगॅससुद्धा जळताना किलोमागे सात-साडेसात मेगाज्यूल देते. म्हणजे आपल्या पंधरा टन विटांचे काम साडेतीनशे किलो बगॅस करते. शिवाय ते महिनोन्महिने नुसते पडून राहिले तरी ‘निवत’ नाही. कारखान्याच्या आवारातला बगॅसचा ढीग हाच त्याचा उष्णतेचा साठा. तापवलेला दगड कामाचा, तो जिथे चढउतार तासांचा आहे तिथे: सौर स्वयंपाकघर, कांदा-भाजी वाळवण्याची यंत्रणा, थांबून थांबून चालणारी भट्टी.

तिथे तरी राख चालेल का? किलोला किलो तोलली तर ती विटेच्या पंगतीत बसते. पण भुसभुशीत राखेचे घनमीटरमागे वजन काही शे किलोच भरते, उलट स्लॅगचा भरीव दगड तीन टनांच्या पुढे जातो. त्याहून मोठी अडचण म्हणजे कणाकणांत अडकलेली हवा उष्णतेला आत शिरू देत नाही आणि बाहेरही पडू देत नाही. हुरड्याची आगटी पाहावी. वरून करडी, विझलेली. हात जवळ नेला तरी चटका नाही. कणीस दोन बोटे खाली खुपसले की दाणे तडतडतात. निखारा गोवरीचा, पण तो धरून ठेवते वरची राख. आपल्या भाषेत राख आणि राखणे शेजारी बसलेत, हा योगायोग असेल. भौतिकशास्त्राला मात्र तो मान्य आहे.

तेव्हा टाकीच्या गाभ्यात जड माल आणि सभोवती राखेचे वेष्टण, ही मांडणी मला पटते. गाभ्यासाठी स्लॅग उत्तम. युरोपात ‘रेस्लॅग’ या प्रकल्पाने 2015 पासून पोलादाच्या स्लॅगवर हेच काम केले. फ्रान्समध्ये तर ॲस्बेस्टॉसचा कचरा वितळवून केलेल्या काचेसारख्या दगडाचा हजार अंशांच्या आसपास अभ्यास झाला. श्रीरामपूरकडे स्लॅग ट्रकने आणायचा, तर भाड्याचा प्रश्न येतो. वीटभट्टीवरचे तुटके-भाजके तुकडे जवळ मिळतात. ते एकसारख्या आकाराचे चाळून घ्यावेत, नाहीतर बारीक चुरा फटी बुजवतो आणि गरम हवा सोपी वाट धरून निघून जाते.

बॉयलरच्या जाळीवर राख वितळून जमलेला क्लिंकर मात्र वेगळा काढावा. पोटॅशमुळे राख लवकर मऊ पडते, म्हणून तो तयार होतो; कामगार त्याला शिव्या घालत सळईने फोडतात. तो राखेहून जड, आणि एकदा आगीतून गेलेला. थोडा तापवून-निववून पाहावा. तडकला नाही तर गाभ्यात भरावा.

वेष्टणाच्या राखेला दोन पथ्ये. काळी राख नको. तिच्यात न जळलेला कोळसा असतो आणि तापल्या गाभ्याला लागून हवा मिळाली की तो धुमसतो. दुसरे, ओल. भिजलेली राख उष्णता राखायची सोडून वाहून न्यायला लागते, म्हणून टाकीवर मृगाआधी पत्रे हवेत.