चिंतेचीं नामांतरें

प्रत्येक पिढीस असें वाटत आलें आहे कीं, आपल्याइतकी चिंताग्रस्त पिढी पूर्वीं कधीं झालीच नाहीं. आजोबांचा काळ संथ व निवांत होता, आणि धांवपळ, स्पर्धा व झोपमोड हीं आपल्याच वांट्यास आलीं, ही समजूत आज जशी सुशिक्षित घरांतून ऐकूं येते, तशीच ती सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वींच्या न्यूयॉर्कमध्येंहि ऐकूं येत होती. चिता व चिंता यांत एका अनुस्वाराचेंच अंतर, असें आपले सुभाषितकार सांगून गेले, तें कांहीं आगगाडी किंवा टेलिफोन पाहून नव्हे. तेव्हां चिंता जुनीच आहे. नवीं आहेत तीं तिचीं नांवें. हीं नांवें कोणीं दिलीं आणि त्या त्या नांवाबरोबर दोष कोणाच्या माथीं बसला, याचा इतिहास थोडक्यांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण रोगास कोणतें नांव मिळालें, यावरच पुष्कळदां रोग्यास सहानुभूति मिळावयाची कीं शिक्षा, हें ठरत आलेलें आहे.

ग्रीक वैद्यांचें मत असें होतें कीं, शरीरांत रक्त, कफ, पीतपित्त व कृष्णपित्त असे चार रस असून कृष्णपित्त वाढलें म्हणजे मनुष्य भित्रा व खिन्न होतो. 'मेलँकोली' या शब्दाचा मूळ अर्थच काळें पित्त असा आहे. वात, पित्त व कफ यांची भाषा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकांस ही कल्पना परकी वाटणार नाहीं. ती युरोपांत दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकली. इ. स. १६२१ मध्यें ऑक्सफर्ड येथील रॉबर्ट बर्टन नांवाच्या पंडितानें 'ॲनॅटमी ऑफ मेलँकोली' हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि खिन्नता दूर ठेवण्यासाठींच आपण खिन्नतेवर लिहीत बसलों, असें त्यांत मोकळेपणीं सांगितलें. आहार, हवापालट, संगीत, मित्रांशीं संभाषण असे अनेक उपाय त्यानें दिले. परंतु ग्रंथाच्या अखेरीस भर दिला तो एकांतवास व रिकामपण टाळण्यावर. या जुन्या कल्पनेचा एक गुण मान्य करावयास पाहिजे. दोष पित्ताचा असल्यामुळें रोग्याच्या शीलावर सहसा ठपका येत नसे.

वैद्य शरीराकडे पाहत असतां तत्त्वज्ञ मनाकडे पाहत होते. पहिल्या शतकांत फ्रिजियांतील हायरापोलिस येथें जन्मलेला एपिक्टेटस हा गुलाम होता. पुढें तो मुक्त झाला, आणि सम्राट् डोमिशियननें तत्त्वज्ञांस रोममधून घालवून दिल्यावर त्यानें निकोपोलिस येथें आपली पाठशाळा काढली. आपल्या स्वाधीन काय आहे व काय नाहीं, याचा निवाडा आधीं करावा, आणि जें स्वाधीन नाहीं त्यावर आपलें सुख अवलंबूं देऊं नये, हा त्याच्या शिकवणीचा गाभा. त्याचा शिष्य एरियन यानें त्याचीं प्रवचनें टिपून ठेविलीं, आणि इ. स. १६१ मध्यें रोमच्या सिंहासनावर बसलेल्या मार्कस ऑरेलियसनें तीं वाचून डॅन्यूबकांठच्या छावण्यांत आपल्या मनाची समजूत घातली. गुलामाची शिकवण सम्राटास उपयोगी पडली, हें या तत्त्वज्ञानाचें भूषण म्हणून नेहमीं सांगण्यांत येतें, व तें यथार्थ आहे. परंतु एक भेद विसरूं नये. सम्राटाच्या स्वाधीन पुष्कळ कांहीं होतें. गुलामाच्या स्वाधीन मनाखेरीज कांहींच नव्हतें. तोच उपदेश गुलामानें स्वतःस केला तर तें धैर्य होय. धन्यानें गुलामास केला तर ती धन्याची सोय होय. हा भेद पुढील इतिहासांत पुन्हां पुन्हां आढळून येईल.

एकोणिसाव्या शतकांत पित्त मागें पडलें व मज्जातंतु पुढें आले. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनीं १८६९ सालीं 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे मज्जादौर्बल्य, हें नांव प्रचारांत आणलें, आणि १८८१ सालच्या पुस्तकांत या विकाराच्या वाढीचीं पांच कारणें दिलीं : वाफेची शक्ति, वृत्तपत्रें, तारायंत्र, शास्त्रांची वाढ आणि स्त्रियांचा बौद्धिक व्यवसाय. विजेच्या दिव्यांचा तो उदयकाल. तेव्हां मज्जाशक्ति ही विजेसारखी मोजकी असून, दिवे वाढवीत गेलें कीं प्रत्येक दिवा मंद होतो, ही उपमा त्यांस सहज सुचली. बुद्धीनें काम करणाऱ्या वरच्या वर्गाचा हा रोग, अशी समजूत पसरल्यामुळें त्यास एक प्रकारची प्रतिष्ठाच लाभली. स्त्रियांची गोष्ट मात्र निराळी झाली. डॉ. वियर मिचेल यांच्या विश्रांतिचिकित्सेंत रोग्यास आठवडेच्या आठवडे अंथरुणांत ठेवून भरपूर खावयास घालीत, आणि लिहिणेंवाचणें बंद करीत. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेनें १८८७ मध्यें हा उपचार घेतला, आणि त्यामुळें आपण वेडाच्या उंबरठ्यापर्यंत गेलों, असें पुढें लिहून ठेविलें. १८९२ सालची त्यांची 'यलो वॉलपेपर' ही कथा त्याच अनुभवांतून निघाली. विश्रांति हें औषध खरें, पण ती सक्तीची झाली म्हणजे तिची कोठडी होते.

यानंतर १९१४ चें महायुद्ध आलें. फेब्रुवारी १९१५ मध्यें डॉ. चार्ल्स मायर्स यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत तीन सैनिकांची हकीकत दिली. तोफेच्या गोळ्यांनीं त्यांस बाह्य इजा फारशी झाली नव्हती. पण दृष्टि, स्मृति, वास व चव यांवर परिणाम झाला होता. या विकारास 'शेल शॉक' असें नांव पडलें. लौकरच असें दिसून आलें कीं, ज्यांच्याजवळ गोळा फुटलाहि नाहीं असे सैनिकहि थरथर कांपत, मुके होत, रात्रीं ओरडत उठत. येथेंहि नांवांची वांटणी हुद्द्याप्रमाणें झाली : अधिकाऱ्यास बहुधा न्यूरॅस्थेनिया, आणि साध्या शिपायास हिस्टेरिया. निलगिरींतील तोडा लोकांवर १९०६ सालीं ग्रंथ लिहिणारे डॉ. रिव्हर्स हे एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांत अधिकाऱ्यांस समजावून सांगत कीं, भीतीची आठवण दाबून ठेवूं नका. ती बोला, तिच्याकडे नीट पाहा, आणि तींत सोसण्याजोगें काय आहे तें शोधा. परंतु ज्याच्या वांट्यास रिव्हर्स आला नाहीं, त्याच्या वांट्यास कधीं कधीं लष्करी न्यायालय येई. रण सोडून जाणें, भ्याडपणा व असल्याच अपराधांसाठीं त्या युद्धांत ज्यांस ब्रिटिश लष्करानें गोळ्या घातल्या, अशा ३०६ सैनिकांस २००६ सालच्या कायद्यानें क्षमा देण्यांत आली. त्यांतील कित्येकांचीं मनें शत्रूच्या भडिमारानें आधींच मोडलेलीं होतीं. नव्वद वर्षांनीं मिळालेली क्षमा त्यांच्या कामाची नव्हती. ती त्यांच्या नातवंडांच्या कामाची होती. वेळीं योग्य नांव मिळालें असतें, तर त्यांपैकीं कांहीं जण तरी घरीं परतले असते.

याच सुमारास प्रयोगशाळांतून भयाचें शारीरिक रूप उघड होत होतें. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन हे क्ष-किरणांच्या साह्यानें मांजराच्या पचनक्रियेचें निरीक्षण करीत असतां, मांजर बिथरलें कीं त्याच्या पोटाची हालचाल थांबते, असें त्यांस दिसलें. १९१५ सालच्या ग्रंथांत त्यांनीं दाखविलें कीं, संकटसमयीं ॲड्रेनॅलिन रक्तांत सुटतें, हृदय जोरानें चालतें, आणि शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होतें. ही योजना वाघासमोर उत्तम. परंतु कचेरींत साहेब रागावला असतां लढतांहि येत नाहीं व पळतांहि येत नाहीं, आणि सज्ज झालेलें शरीर खुर्चींतच बसून राहतें. माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनीं १९३६ मध्यें 'नेचर' पत्रांत आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. उंदरांस थंडी, इजा, अतिश्रम किंवा विष यांपैकीं कोणतीहि पीडा दिली तरी परिणाम सारखाच होतो. वृक्कावरील ग्रंथि फुगतात व जठरांत व्रण पडतात. पुढें त्यांनीं या स्थितीस यंत्रशास्त्रांतील 'स्ट्रेस' हा शब्द लावला, आणि त्याचाच 'ताण' होऊन तो आपल्या घरांत आला. हा शब्दहि सर्वस्वीं निष्पाप राहिला नाहीं. सेल्ये यांस तंबाखूच्या धंद्याकडून पैसा मिळत असे, हें त्या धंद्याच्याच कागदपत्रांवरून मागाहून उघड झालें. हृदयविकाराचा दोष विडीवरून ताणावर ढकलतां आला तर त्या धंद्यास तो हवाच होता.

ताण वरिष्ठांस अधिक कीं कनिष्ठांस? जबाबदारी मोठी तितकी काळजी मोठी, म्हणून हृदयविकार हा साहेबाचा रोग, अशी सार्वत्रिक समजूत होती. लंडनच्या व्हाइटहॉलमधील सरकारी नोकरांची पाहणी १९६७ सालीं सुरू झाली, आणि सुमारें १८,००० पुरुषांची नोंद ठेवण्यांत आली. निष्कर्ष समजुतीच्या उलट निघाला. सर्वांत खालच्या पायरीवरील नोकरांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत वरच्या पायरीच्या सुमारें तिप्पट होतें, आणि धूम्रपानादि कारणें हिशेबांत घेऊनहि बरीचशी तफावत शिल्लक राहिली. १९८५ मध्यें सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणींत स्त्रियाहि होत्या. तींत मायकेल मार्मट व त्यांचे सहकारी यांस असें आढळलें कीं, ज्यास आपल्या कामाची रीत व वेळ ठरविण्याचा अधिकार थोडा, त्यास हृदयविकाराचा धोका अधिक. म्हणजे कामाच्या ओझ्याइतकेंच, तें उचलण्याच्या रीतींत आपलें कांहीं चालत नाहीं, हें माणसास मारतें. एपिक्टेटसचा प्रश्न दोन हजार वर्षांनीं आंकड्यांच्या रूपानें परत आला.

उपायांच्या इतिहासांतहि हा गुलाम परत आला आहे. १९५० नंतरच्या दशकांत अल्बर्ट एलिस यांनीं व पुढें आरन बेक यांनीं जी विचारचिकित्सा रचली, तिचें मूळ स्टोइक मतांत आहे, हें दोघांनींहि मान्य केलें. 'परीक्षेंत नापास झालों तर सर्व संपलें' हा विचार कागदावर मांडावा, त्याचा पुरावा तपासावा, आणि अधिक खरा विचार त्याच्या जागीं ठेवावा, ही ती पद्धति. आणि चिंतेवर तिचा उपयोग अनेक परीक्षणांत सिद्ध झाला आहे. शरीराच्या बाजूनें पाहिलें तर संथ श्वसन, विशेषतः लांबविलेला उच्छ्वास, हृदयाची गति खालीं आणतो. या विषयाच्या अभ्यासांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्राणायामादि क्रिया प्रयोगशाळेंत तपासण्यास आरंभ केला, आणि त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें पत्र काढलें. येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन यांनीं येथें शिक्षण घेऊन १९३७ सालीं योगाच्या शास्त्रीय परीक्षणाचें पुस्तक प्रसिद्ध केलें.

तेव्हां या इतिहासांतून आम्हांस दोन कर्तव्यें निघालेलीं दिसतात, आणि त्यांपैकीं एकच पाळणें हें आमच्या वर्गाचें जुनें व्यसन आहे. पहिलें कर्तव्य स्वतःविषयींचें : झोप राखावी, शरीर हालवावें, श्वास संथ करावा, जवळच्या माणसाशीं बोलावें, आपला विचार तपासावा, आणि एवढ्यानें भागत नसेल तर डॉक्टरकडे जाण्यास लाजूं नये. दुसरें कर्तव्य आपल्या हाताखालच्यांविषयींचें. घरांतील सून, परीक्षेस बसलेला मुलगा, कचेरींतील कारकून, दारावरील शिपाई यांस आपण मन घट्ट करण्याचा उपदेश करतों. पण त्यांच्या दिवसांतील कांहीं तास, कांहीं निर्णय, कांहीं शब्द त्यांच्या स्वाधीन करतों काय? मुलानें कोणता विषय घ्यावा, हें त्यास न विचारतां ठरविणारा बाप, आणि मुलास धीर नाहीं म्हणून कुरकुरणारा बाप, हे बहुधा एकच असतात. दुसऱ्यास शांतीचा उपदेश करण्यापूर्वीं त्याच्या माथ्यावरील ओझ्यापैकीं आपण ठेविलेलें किती, हें आधीं मोजावें, आणि तेवढें तरी उतरून घ्यावें.