पडद्यावरची राक्षसांची कुस्ती

एकटा राक्षस प्रेक्षकांना पुरेनासा झाला, की सिनेमावाले त्याला जोडीदार शोधतात. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने १९४३ मध्ये हेच केले. फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला राक्षस आणि पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणारा माणूस हे तोवर आपापल्या चित्रपटांत सुखाने नांदत होते. 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन' या कृष्णधवल चित्रपटात ते समोरासमोर आले. राक्षस झालेल्या बेला लुगोसीचे संवाद पुढे कापले गेले आणि तो आंधळा झाल्याचा खुलासाही त्यांबरोबर गेला. उरले फक्त हात पुढे करून चाचपडत चालणे. जगभर तीच त्या राक्षसाची चाल ठरली!

आपल्या मुंबईतही अशी जोडी जमली, पण निराळ्या वाटेने. ती वाट सुरू होते प्रभादेवीच्या शेजारी, रुळांपलीकडच्या परळला. तिथल्या लवजी कॅसलमध्ये १९३३ पासून वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता. नादियाचा 'हंटरवाली' याच कंपनीचा. होमी वाडियांनी १९३७ मध्ये 'तूफानी टारझन' काढला आणि जॉन कावस या कमावलेल्या शरीराच्या गड्याला टारझन केले. १९४२ मध्ये ती जागा व्ही. शांतारामांकडे जाऊन तिथे राजकमल कलामंदिर उभे राहिले.

त्याच १९३७ साली विजय भट्टांच्या 'ख्वाब की दुनिया'त बाबूभाई मिस्त्री या तरुणाने अदृश्य माणसाचे खेळ दाखवले. काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवायच्या, म्हणजे दोरा दिसत नाही, वस्तू मात्र आपोआप चालते. लोक त्यांना 'काला धागा' म्हणू लागले.

आता किंगकाँगकडे वळू. १९३३ च्या अमेरिकन चित्रपटातला तो महाकाय वानर म्हणजे जेमतेम दीड फुटाची बाहुली. ती केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी चोवीस चित्रे लागत. आपल्या स्टंटपटवाल्यांपाशी एवढा वेळ नव्हता आणि पैसाही. त्यांच्यापाशी पैलवान होते. हंगेरियन वंशाचा एमिल झाया 'किंगकाँग' या नावाने कुस्त्या लढे आणि दारासिंगांनी त्याला पाडल्याची गोष्ट घरोघरी ठाऊक होती. १९६२ मध्ये त्याच बाबूभाईंनी दारासिंग आणि कुमकुम यांना घेऊन 'किंगकाँग' दिग्दर्शित केला. नावातला तो वानर काही चित्रपटात नव्हता. प्रेक्षक आले ते दारासिंगांच्या ताकदीसाठी. चित्रपट चालला. त्याच वर्षी जपानने रबरी पोशाखातल्या माणसांकडून किंगकाँग आणि गॉडझिलाची झुंज लावली. आपल्याकडे १९६५ मध्ये 'टारझन अँड किंगकाँग' आला. दारासिंग आणि मुमताज त्यात होते. दोन परदेशी नावे एका पाटीवर आली खरी, पण खेळ आपल्या आखाड्याचाच होता. हॉलिवूडने राक्षस रंगभूषेने उभा केला, मुंबईने तो तालमीतून आणला.

या चित्रपटांना प्रतिष्ठितांनी कधी मोजले नाही. त्यांचा प्रेक्षक कष्टकरी होता, स्वस्त तिकिटाचा होता. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, तरी सगळे काही तिथवर पोचले नाही. कृष्णधवल फिल्मवर चांदीचा अंश असतो. चित्रपटाचे दिवस सरले, की ती चांदी काढून घेण्यासाठी कित्येक प्रती धुऊन टाकल्या गेल्या. ज्यांना पडद्यावर कुणी हरवू शकले नाही, असे किती वीर त्या चांदीच्या भावाने गेले असतील! टारझन आणि किंगकाँगच्या सामन्याला हसावे, जरूर हसावे. पण त्यासाठी तो आधी पाहायला मिळाला पाहिजे. थोरामोठ्यांचे अभिजात चित्रपट जपले जातातच. गिरणीची पाळी संपवून आलेला माणूस कशाला टाळ्या वाजवत होता, हे सांगणारी रिळेही तितक्याच निगुतीने जपायला हवीत.