जरबेरा : चेन्नईतील कुंडी-लागवड

सूर्यफुलाच्या कुलातील (ॲस्टरेसी) बहुवर्षायू फुलझाड. मूलस्थान दक्षिण आफ्रिका. प्रजातीचे नाव जर्मन वैद्य व वनस्पतिज्ञ ट्राउगॉट गेर्बर यांच्या, तर जेम्सोनाय हे जातिनाम बार्बर्टन परिसरातून नमुने मिळवणारे रॉबर्ट जेम्सन यांच्या स्मरणार्थ. जोसेफ हूकर यांनी 1889 मध्ये या जातीचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. आजचे वाण संकरज आहेत. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे भागात पॉलिहाऊसमध्ये होणारा जरबेरा लांब दांड्याचा, फुलदाणीसाठीचा. कुंडीसाठी ठेंगणे वाण निवडावेत.

हंगाम : पुण्याचे वेळापत्रक चेन्नईत उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर पाऊस. चेन्नईत वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. झाडाला दिवसा 20–25° से. आणि त्याहून थंड रात्र मानवते. चेन्नईत जानेवारीतही रात्रीचे सरासरी किमान तापमान सु. 21° से. असते. म्हणून पाऊस ओसरल्यावर, डिसेंबरअखेर ते जानेवारीत नवे रोप लावावे. फुलांचा बहर फेब्रुवारी-मार्चपर्यंत घ्यावा. मे महिन्यात, स्थानिक लोक ज्यांना अग्निनक्षत्रम् म्हणतात त्या दिवसांत, फुलांची अपेक्षा न धरता झाड फक्त जगवावे. उन्हाच्या प्रमाणाबद्दल मतभेद आहेत. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी शेडनेट हा मध्यम मार्ग बहुधा सुरक्षित. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा झाडावर येऊ देऊ नये.

कुंडी व माती : मुळे खोल जातात, 8–10 इंची, तळाला पुरेशी भोके असलेली कुंडी घ्यावी. लाल माती, धुतलेले कोकोपीट व चांगले कुजलेले शेणखत यांचे भुसभुशीत मिश्रण, सामू 5.5–6.5. क्राऊन, म्हणजे पाने जिथून फुटतात तो भाग, मातीच्या पातळीच्या थोडा वर ठेवावा. तो पुरला गेला की पुढची सारी निगा वाया जाते.

पाणी : या शहरात जरबेरा बहुधा पाण्यामुळे बिघडतो. किनाऱ्यालगतच्या अनेक बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त असते. अशा पाण्याने कुंडीत क्षार साठतात, पानांच्या कडा करपतात. पाणी अल्कधर्मी असल्यास सामू चढतो, लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसतात. अशा वेळी जादा नत्र देण्याची चूक सर्रास होते. खरा उपाय चिलेटेड लोहाचा. सामू 7 च्या वर असल्यास ईडीडीएचए स्वरूप ईडीटीएपेक्षा टिकाऊ. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी बागेला देण्याची काटकसर इथे घातक, कारण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा अधिक असतात. गच्चीवरील पावसाचे पाणी साठवून वापरावे. एरवी अधूनमधून कुंडीतून गोडे पाणी भरपूर वाहू देऊन क्षार धुऊन काढावेत. पाणी सकाळी, कडेने, मातीचा वरचा थर सुकल्यावरच द्यावे.

रोग व किडी : बुरशीसदृश फायटोफ्थोरामुळे होणारी क्राऊनकूज सर्वांत गंभीर. झाड कोमेजते आणि पाणी कमी पडले असे वाटून आणखी पाणी घातले जाते. ऑक्टोबरपूर्वीच कुंड्या आडोशाला घ्याव्यात, विटांवर उचलून ठेवाव्यात, खालची जुनी पाने काढावीत. कुजलेले झाड मातीसकट टाकून द्यावे. पांढरी माशी, फुलकिडे, लाल कोळी, नागअळी, भुरी हेही आढळतात.

तोडणी : दांडा कापू नये, बुडाशी धरून किंचित पिळून ओढावा. उरलेला तुकडा कुजतो.

अभिवृद्धी : फुटव्यांच्या विभागणीने, व्यापारी रोपे ऊतिसंवर्धित.

इतर : 1989 च्या नासाच्या अभ्यासात बंद कक्षातील हवेतून काही प्रदूषके घटवणाऱ्या झाडांत जरबेराचा समावेश होता, पण राहत्या खोलीत असा परिणाम नगण्य ठरतो, असे नंतरच्या परीक्षणांत म्हटले आहे.