तूं न्हय मरे, ते दुसरे

मंगळवार, 21 जून 2016. संध्याकाळचे सात वाजून गेलेत, पण उजेड आपल्याकडच्या चारच्या सुमाराचा. तुम्ही स्विंडनच्या मँचेस्टर रोडवरून घराकडे निघालाय. पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात पिशवी. पुण्याच्या कंपनीनं तुम्हाला ऑनसाइट पाठवून नऊ महिने झाले. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनपासून पश्चिमेला रेल्वेनं तासाभरावरचं हे गाव. इथल्या एका चौकात एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळं आहेत. लोक त्याला 'मॅजिक राउंडअबाउट' म्हणतात. पहिल्यांदा टॅक्सी त्यात शिरली तेव्हा तुम्ही मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली होतीत.

पुढं काय घडणार ते तुम्हाला ठाऊक आहे, या रस्त्यावरच्या बाकी कुणाला नाही. प्रवासाची अट एकच: बघा, ऐका, पण निकाल फोडू नका.

तुम्ही ज्यांच्याकडे राहता त्या आंटींनी कोकमं सांगितलीत, म्हणून तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात शिरता. मालक गुजराती. 1972 साली इदी अमीननं युगांडातून हाकललं तेव्हा शाळकरी पोर होता. त्याच्या काचेवर 'व्होट लीव्ह'चं, म्हणजे गुरुवारच्या जनमतात युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणारं, लाल पोस्टर. निर्वासित म्हणून आलेल्या माणसाच्या दुकानात हे पोस्टर कसं, असं तुमच्या चेहऱ्यावर उमटलं असावं, कारण न विचारताच तो बोलू लागतो. पोलंडचा माणूस बसमध्ये बसतो, इथं उतरतो, परवापासून कामाला. त्याला व्हिसा नको, इंग्रजी नको. माझ्या मेव्हण्याला मात्र हॉटेलासाठी सुरतेहून एक आचारी आणायचा तर चपला झिजतात. का? आपण राष्ट्रकुलातले ना? युरोपचं दार लागलं की आपलं उघडेल.

हे तो घरी बसून रचत नाही. मंत्री असलेल्या प्रीती पटेल गेले कित्येक दिवस भारतीय-बांगलादेशी हॉटेलवाल्यांना हेच सांगताहेत. त्यांचे आईवडीलही युगांडाहूनच आलेले. आणि गेल्या एप्रिलपासून सरकारनं नियम केलाय, बाहेरच्या देशांतून कामावर आलेल्याला कायम राहायचं तर पगार वर्षाला 35 हजार पौंड हवा. कुठला आचारी तेवढे कमावणार? दुकानदाराच्या म्हणण्यात द्वेष शोधायला गेलात तर हाती लागणार नाही. हिशेब लागेल. या वादातली ही बाजू आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना कधी नीट कळलीच नाही.

घर. दोन्ही बाजूंच्या घरांना खेटून उभं, अरुंद, दुमजली. वरची मागची खोली तुमची. खाली हुमणाचा वास सुटलाय. अंकल दहाच्या पाळीला जाणार, म्हणून ताट लवकर मांडलंय. "पयलीं जेव, मागीर राजकारण," आंटी म्हणतात, पण अंकलनी टीव्ही आधीच लावलाय.

अंकलची गोष्ट चार ओळींत सांगता येते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जन्म 1958 चा, गोव्यात, साष्टीतल्या एका गावात. जन्मले तेव्हा पोर्तुगालचे, शाळेत गेले तेव्हा भारताचे. उमेदीची वर्षं बोटीवर काढली. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. मग आखात. मग 2007 साली कागद काढले. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगाल आपलं नागरिकत्व देतो. लिस्बनच्या कचेरीत जन्माची नोंद झाली की झालं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट गेला. पोर्तुगालात ते जेमतेम पंधरा दिवस राहिले असतील. पासपोर्ट लिस्बनचा, पोट स्विंडनच्या गोदामात. असे गोंयकार या गावात हजारोंनी आहेत. बाजारात कोकणी कानावर पडते ती त्यांचीच.

आंटींनी मात्र भारतीय पासपोर्ट ठेवला. एका घरात दोघांनी देश बदलू नये, असं त्यांच्या आईनं बजावलं होतं.

आठ वाजता बीबीसीवर वेम्ब्ली अरीनाचा झगमगाट सुरू होतो. सहा हजार माणसं, निम्मी या बाजूची, निम्मी त्या. बाहेर पडा म्हणणाऱ्यांत बोरिस जॉन्सन, अँड्रिया लेडसम, गिझेला स्टुअर्ट. राहा म्हणणाऱ्यांत लंडनचे नवे महापौर सादिक खान, स्कॉटलंडच्या रूथ डेव्हिडसन, कामगार संघटनांच्या फ्रान्सिस ओ'ग्रेडी. तुम्ही भाताचा घास हातात धरून बसता, कारण दृश्य फार मजेशीर आहे. स्थलांतरावर नियंत्रण हवं असं सांगणाऱ्या गिझेलाबाई स्वतः जर्मनीत जन्मलेल्या. जॉन्सनचे पणजोबा तुर्की, ऑटोमन साम्राज्यातले पत्रकार आणि मंत्री. आणि त्यांच्याच मोहिमेची पत्रकं सांगताहेत, तुर्कस्तान युरोपीय संघात येतोय, लोकसंख्या 7 कोटी 60 लाख! सादिक खान पाकिस्तानातून आलेल्या बसचालकाचा मुलगा. या मंचावर आलेल्यांची आणि आलेल्यांच्या पोरांचीच गर्दी, आणि विषय कोण आत यावं हा.

आकडे मात्र खरे आहेत, ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. 2004 मध्ये पूर्व युरोपातले आठ देश संघात आले तेव्हा ब्रिटननं पहिल्या दिवसापासून दार उघडं ठेवलं. असं करणारे देश तीनच, दुसरे आयर्लंड आणि स्वीडन. वर्षाला 5 ते 13 हजार येतील असा अंदाज सरकारसाठी केलेल्या अभ्यासात होता. तो साफ कोसळला. मग 2010 मध्ये आताचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी निव्वळ स्थलांतर एक लाखाच्या आत आणायचं वचन दिलं. गेल्याच महिन्यात 2015 चा आकडा आला: 3 लाख 33 हजार. पाळता न येणारं वचन देऊन लोकांचा विश्वास घालवला तो राहा म्हणणाऱ्यांच्याच पुढाऱ्यानं. बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी लाल बसवर आठवड्याला 35 कोटी पौंडांचा आकडा रंगवला, तोही फसवाच. ब्रिटनला परत मिळणारे पैसे त्यातून वजाच केलेले नाहीत. सरकारच्या आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं हे सांगितलं, पण बस फिरतेच आहे.

अंकल ताट सरकवतात. "पुणेंकार, तुका मत आसा. म्हाका ना. हांगा णव वर्सां जालीं म्हाका."

तुम्ही घास गिळता. खरं आहे. या जनमताला मतदार कोण? ब्रिटिश, आयरिश, आणि इथं राहणारे राष्ट्रकुलातले नागरिक. युरोपीय संघाचे नागरिक नाहीत; त्यांना महापालिकेला मत आहे, याला नाही. सायप्रस आणि माल्टा सुटले, कारण तेही राष्ट्रकुलात. म्हणजे पोर्तुगीज अंकल बाद. भारतीय पासपोर्टवाल्या आंटी आत. आणि गेल्या सप्टेंबरात सूटकेस ओढत आलेले, दोन वर्षांत परत जाणारे तुम्ही, तेही आत. तुमच्या नावाचं पोल कार्ड फ्रिजवर चुंबकानं लावलेलं आहे.

"माझ्या बापालाही नव्हतं," अंकल म्हणतात, आणि मग जे सांगतात ते मराठी माणसानं खाली मान घालूनच ऐकावं. 16 जानेवारी 1967. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायचा की नाही, यावर कौल. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहायची दोन पानं. अंकल आठ वर्षांचे; पोरं 'दोन पानां' ओरडत गल्लीतून पळत होती एवढं आठवतं. बाप मुंबईत, धोबीतलावच्या गोंयकारांच्या कुडात, बोटीची वाट बघत. बाहेर राहणाऱ्या गोंयकारांनाही मत द्या ही मागणी तेव्हा फेटाळली होती. तरी दोन पानं जिंकली: 1,72,191 विरुद्ध 1,38,170.

"तेव्हा सगळे म्हणायचे, घाटी येतील, नोकऱ्या नेतील. आलेच की नंतर. आता मडगावच्या बाजारात बघ, सगळे भायले." बोलता बोलता त्यांना समोर कोण बसलंय ते आठवतं. जीभ चावून ते तुमच्या पाठीवर थाप मारतात. "तूं न्हय मरे, ते दुसरे."

आंटी हसतात. तुम्हीही हसता. त्यांचं हुमण खाऊन रुसायचं कसं?

बुधवारी तुम्ही वेगळ्या वाटेनं ऑफिसला जाता, केंब्रिया प्लेसवरून. दगडी घरांची छोटी ओळ आणि मध्ये एक चॅपल. 1860 च्या दशकात रेल्वेच्या कारखान्यात लोखंडाचं काम करायला वेल्समधून माणसं आणली, त्यांच्यासाठी बांधलेली ही घरं. चॅपलमध्ये प्रार्थना वेल्शमध्ये चालायची. तो कारखाना 1986 मध्ये बंद पडला. घरं छान राखलीत.

स्टँडवरच्या वर्तमानपत्रात अजून खासदार जो कॉक्स यांचा फोटो आहे. 16 जूनला सकाळी बाहेर पडा म्हणणारे पुढारी नायजेल फराज यांनी 'ब्रेकिंग पॉइंट' असं पोस्टर उघडलं: न संपणारी रांग, त्यात बहुतेक सावळे पुरुष. फोटो स्लोव्हेनियाच्या सीमेवरच्या निर्वासितांचा, युरोपीय संघातल्या मोकळ्या येण्याजाण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याच दुपारी यॉर्कशरमधल्या बर्स्टल गावात या खासदारबाईंना एका अतिउजव्या माणसानं गोळ्या घालून, भोसकून मारलं. दोन लहान मुलांची आई. प्रचार तीन दिवस थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

गुरुवार, 23 जून. टीव्हीवर लंडनच्या रस्त्यांत गुडघाभर पाणी. आंटींनी चर्चला जायचा झगा घातलाय. मतदान केंद्र म्हणजे एक शाळेचा हॉल. ओळखपत्र कुणी मागत नाही. नाव आणि पत्ता सांगायचा, बाई पट्टीनं ओळ मारते, कागद देते. आपल्याकडची शाई, पोलीस, मशीन यांची सवय असलेल्या माणसाला हे भातुकलीसारखं वाटतं. आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल. तुमच्या पुढचा गृहस्थ खिशातून स्वतःचं पेन काढतो, कारण पेन्सिलीची फुली गुप्तहेर खातं रात्री खोडणार अशी आवई उठलीय.

"आयज हांव दोगांचें मत दितां," आंटी पुटपुटतात आणि आत जातात.

मग तुम्ही. दोन ओळी, दोन चौकोन. तुम्ही फुली कुठं मारलीत ते तुमच्यापाशी.

रात्री अंकल पाळीला. तुम्ही आणि आंटी टीव्हीसमोर. दहाला मतदान संपतं आणि फराजच म्हणतात, बहुधा राहा म्हणणारेच निसटते जिंकतील. आंटी चहा टाकतात. जिब्राल्टर: 95.9 टक्के राहा. न्यूकॅसल मोठ्या फरकानं 'राहा' जाईल असं सगळे धरून होते, ते 50.7 वरच अडकतं. मग संडरलँड, मोटारींच्या कारखान्याचं गाव: 61.3 टक्के बाहेर पडा. पडद्याच्या कोपऱ्यात पौंड घसरू लागतो. पुढं कधीतरी स्विंडनचं नाव येतं. जवळपास 55 टक्के, बाहेर पडा. आंटी कप खाली ठेवतात, बशीत नाही, टेबलावर. या गावात, याच गल्ल्यांत.

चार चाळीसला बीबीसीचे डेव्हिड डिम्बल्बी सांगून टाकतात, ब्रिटन बाहेर पडतंय. 51.9 विरुद्ध 48.1. कालपर्यंत शंभर रुपयांना टेकलेला पौंड नव्वदीत आलाय. डॉलरच्या मानानं तो 1985 नंतर इतका खाली कधी गेला नव्हता. आंटी पहिला प्रश्न विचारतात तो युरोपबद्दल नाही: या महिन्याचे पैसे गावी कालच पाठवायला हवे होते का?

साडेसहाला अंकल येतात. बूट काढता काढता सांगतात, शेजारच्या पट्ट्यावरच्या इंग्रजानं रात्री केक वाटला. सात वर्षं जोडीनं काम करतोय, भला माणूस. अंकलचा चेहरा बघून तो जवळ आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तू नव्हेस रे, तू आमचाच आहेस, ते दुसरे. अंकल हे हसत सांगतात, मग तुमच्याकडे बघतात आणि हसणं अर्ध्यावर राहतं.

सव्वाआठच्या सुमारास कॅमेरन दारात येऊन राजीनामा जाहीर करतात. कुणी आवाज वाढवत नाही.

तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे. 31 जानेवारी 2020 ला रात्री अकराला ब्रिटन बाहेर पडणार. जुलै 2021 मध्ये स्विंडनचा होंडाचा कारखाना बंद होणार. कंपनी कारण वेगळं देईल, गावात मात्र दोन्ही गोष्टी एका दमात बोलल्या जातील. निव्वळ स्थलांतर उतरायचं सोडून जून 2023 ला संपणाऱ्या वर्षात नऊ लाखांच्या वर जाईल, आणि येणाऱ्यांत पहिला नंबर भारतीयांचा असेल. कोपऱ्यावरचा गुजराती दार उघडेल म्हणाला, ते उघडलं. ज्यांनी ते बंद व्हावं म्हणून फुली मारली, त्यांना काय वाटलं असेल ते वेगळं.

यातलं तुम्ही काही बोलत नाही. पण आंटी कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढतात. त्यात नऊ वर्षांच्या कौन्सिल टॅक्सच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, वीजबिलं. नाहीतरी आता इथलं संपलंच, फेकून देते, म्हणतात. आणि अट मोडून तुम्ही डब्यावर हात ठेवता.

"आंटी, यातला एकही कागद टाकू नका. दोघांचेही ठेवा. पाच वर्षं जपून ठेवा."

"कित्याक?"

30 जून 2021, युरोपीय संघाच्या नागरिकांनी इथं राहू द्या असा अर्ज करायची शेवटची तारीख. ती तुम्ही सांगत नाही. झाकण लावता आणि डबा परत कपाटावर ठेवता.