गढूळ काचपेटी आणि वॉरिंग्टन पितापुत्र

खानदेशात गढूळ पाण्याचे कोणाला नवल नाही. पावसाळ्यात तापी, गिरणा, पांझरा यांना पूर आला की हंड्यात तुरटी फिरवायची, हा घरोघरचा परिपाठ. म्हणून जळगाव-धुळ्याकडच्या शाळेत हौसेने मांडलेल्या माशांच्या काचपेटीतले पाणी तिसऱ्या दिवशी दुधाळ झाले, की पहिल्यांदा तुरटीच आठवते. दुसरा उपाय म्हणजे सगळे पाणी ओतून, वाळू-स्पंज खळखळून धुऊन पेटी नव्याने भरणे. आम्ही विद्यार्थी असताना हेच केले होते. पाणी लख्ख झाले, आणि आठवड्याभरात मासे मेले. असे का व्हावे? याच्या उत्तरामागे एका बापलेकाची गोष्ट आहे.

1849 साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने सुमारे बारा गॅलनांच्या, म्हणजे पन्नासएक लिटरच्या काचपात्रात वाळू, दगड, दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती प्रकाशात ऑक्सिजन देईल आणि पाणी न बदलता दोघे जगतील, अशी त्याची कल्पना. पण जुनी पाने कुजू लागली, बुळबुळीत थर साचला आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका भाग फस्त केला आणि पाणी निवळले. 1850 मध्ये त्याने हे निरीक्षण लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. घरोघरच्या काचपेट्यांची परंपरा बरीचशी येथून सुरू होते.

परंतु या हिशेबात एक रकाना राहून गेला होता, तो म्हणजे नायट्रोजनचा. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनिया निघतो. तो रंगहीन असतो, पाण्यात विरघळलेला असतो आणि माशांना विषारी असतो. मग वॉरिंग्टनच्या पात्रात तो जात कुठे होता?

1877 मध्ये फ्रान्सच्या श्लोझिंग आणि म्युंत्स यांनी वाळू व चुनखडीच्या उंच नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. मातीचे थोडे पाणी घालताच ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम सजीवांचे होते.

हाच धागा वॉरिंग्टनच्या मुलाने उचलला. त्याचेही नाव रॉबर्टच. रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात त्याने दाखवले की हे काम दोन टप्प्यांत होते. एक प्रकारचे जीव अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. मात्र हे जीव शुद्ध स्वरूपात वेगळे करणे त्याला साधले नाही. जिलेटिनवर ते वाढतच नव्हते. 1890 मध्ये विनोग्राड्स्कीने कारण ओळखले. या जीवाणूंना सेंद्रिय अन्न लागतच नाही. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून मिळालेल्या ऊर्जेवर ते जगतात. रावेर-यावलच्या केळीबागेत टाकलेल्या युरियाचे शेवटी नायट्रेट होते, तेही अशाच जीवाणूंमुळे. बापाच्या काचपात्राचे कोडे मुलाच्या शेतातल्या मातीत सुटत गेले, ते असे.

आता आपल्या पेटीकडे वळू. गढूळपणा दोन तऱ्हेचा असतो. न धुतलेल्या वाळूची धूळ तासा-दिवसात खाली बसते. दोन-चार दिवसांनी येणारा दुधाळपणा बहुधा खाद्यावर वाढणाऱ्या जीवाणूंचा असतो. अनुकूल परिस्थितीत ते तासाभराच्या आत दुप्पट होतात. अमोनिया संपवणाऱ्या जीवाणूंना दुप्पट व्हायला सुमारे एक दिवस किंवा अधिक लागतो, आणि ते वाळूला, स्पंजला चिकटून राहतात. त्यामुळे पहिले काही आठवडे अमोनिया साचत राहतो. दुधाळपणा त्याआधीच ओसरतो. पाणी निवळले म्हणजे पेटी तयार झाली, असे नव्हे! तुरटीने कण खाली बसतात, पण अमोनिया जसाच्या तसा राहतो. पेटी धुतली की नुकतीच जमू लागलेली वसाहतही वाहून जाते आणि सारे पहिल्यापासून सुरू होते.

म्हणून सुरुवातीला मासे अगदी थोडे ठेवावेत आणि खाद्य चिमटीनेच द्यावे. साधारण पाव हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीन उडालेले असावे. स्पंज नळाखाली धुऊ नये. जुन्या निरोगी पेटीतला वापरलेला स्पंज मिळाला तर तो घालावा. श्लोझिंग-म्युंत्सनी घातलेल्या मातीच्या पाण्याचेच काम तो करतो.

ही कथा अजून संपलेली नाही. हे दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे जीवाणू 2015 मध्ये सापडले. त्यांतले काही मासे वाढवण्याच्या यंत्रणेतील गाळणीत मिळाले.

वर्गात मासे न वापरता एक प्रयोग करता येईल. तीन बाटल्यांत शिळवलेले पाणी घ्या. एकीत धुतलेली वाळू, दुसरीत न धुतलेली, तिसरीत धुतलेली वाळू आणि चिमूटभर माशांचे खाद्य घाला. आठवडाभर रोज बाटलीमागे छापील कागद धरून अक्षरे किती स्पष्ट दिसतात याची नोंद ठेवा. कोणते पाणी कधी गढुळले आणि कधी निवळले, हे मुलांनाच सांगू द्या.