अर्धवट वाळणाऱ्या तेलाची कुळकथा

रंगाच्या धंद्यात तेलाची प्रत ते किती लवकर आणि किती कडक वाळते यावरून ठरत असे, आणि या कसोटीवर जवसाच्या तेलाला पहिला मान मिळे, तर सोयाबीनचे तेल ‘अर्धवट वाळणारे’ म्हणून मागे पडे. या भेदाचे मूळ तेलाच्या रेणूतील दुहेरी बंधांत, म्हणजे कार्बनचे दोन अणू दोन बंधांनी जोडलेले असतात त्या जागांत, आहे. त्यांच्याच आधारे हवेतील ऑक्सिजन तेलाचे रेणू एकमेकांत गुंतवतो आणि त्यांचा पापुद्रा धरतो. जवसाच्या तेलातील साधारण निम्मी मेदाम्ले तीन दुहेरी बंधांची असतात. सोयातेलात अशांचा वाटा 7-8 टक्क्यांच्या आसपासच असतो.

ही उणीव प्रथम अल्किड राळेने झाकली. 1920च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमधील रॉय किनले यांनी अल्कोहोल आणि आम्ल यांच्या संयोगातून होणाऱ्या या राळेत तेलाची मेदाम्ले गुंफली आणि त्या दोन घटकांच्या इंग्रजी नावांवरूनच तिचे नावही घडवले. राळेचा सांगाडा मुळातच मोठा असल्याने सोयातेलापासूनही कडक लेप मिळू लागला, शिवाय तो जवसाच्या लेपाइतका पिवळा पडत नसे; 1930च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या मोटारींच्या रंगात सोयातेल आले ते अशाच राळेतून.

तेलाला स्वतंत्र रासायनिक घटकाचे रूप मात्र वेगळ्या अभिक्रियेने दिले. निकोलाय प्रिलेझाएव्ह यांनी 1909 मध्ये दाखवले होते की जादा ऑक्सिजन बाळगणारे पेरआम्ल दुहेरी बंधावर ऑक्सिजनचा एक अणू बसवते आणि तेथे इपॉक्सी नावाचे तीन अणूंचे ताणलेले वलय तयार होते. 1940च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळील प्रयोगशाळेत डॅनियल स्वर्न आणि सहकाऱ्यांनी ती मेदाम्लांवर आणि तेलांवर पद्धतशीरपणे वापरली. अशा इपॉक्सी सोयातेलाने पीव्हीसीला मऊपणा येतो, आणि तापल्यावर त्यातून सुटणारे हायड्रोक्लोरिक आम्लही ते पकडून ठेवते.

वलय ताणलेले असल्याने सहज उघडते, आणि पुढची सारी संतती या गुणातून जन्मली: अल्कोहोलने उघडल्यास पॉलिऑल मिळते, ज्यापासून पॉलियुरेथेनचा फोम होतो, तर ॲक्रिलिक आम्लाने उघडल्यास अतिनील किरणांखाली झटकन घट्ट होणारा लेप. वाळण्यासाठी एकाच मेदाम्लात अनेक बंध लागत. वलयासाठी एकही पुरतो, आणि सोयातेलाच्या एका रेणूत ते सरासरी साडेचार असतात. त्यातच सोयाबीन मुख्यतः पेंडीसाठी गाळले जात असल्याने तेल मुबलक मिळते. त्यामुळे वाळण्यात मागे राहिलेले तेल घटक म्हणून पुढे आले.