गतिबदल, विद्युत् दुचाकींतील
गतिबदल, विद्युत् दुचाकींतील : एंजिनाच्या किंवा विद्युत् चलित्राच्या फेऱ्यांचे चाकाच्या फेऱ्यांशी असलेले गुणोत्तर बदलण्याच्या क्रियेस गतिबदल म्हणतात. ज्या दंतचक्रांनी तो साधला जातो त्यांना व्यवहारात गिअर म्हणतात. हा बदल चालकाने करावयाचा की यंत्रावर सोपवावयाचा, या प्रश्नाचा महाराष्ट्रातील इतिहास पुणे आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील वाहन उद्योगाशी निगडित आहे.

पेट्रोल एंजिन स्थिर अवस्थेतून ओढ देऊ शकत नाही व फेऱ्यांच्या मर्यादित कक्षेतच त्याची ओढ उपयुक्त असते. त्यामुळे त्यास क्लच व अनेक गिअर आवश्यक ठरतात. १९७२ पासून निघालेल्या बजाज चेतक स्कूटरमध्ये क्लचची दांडी दाबून डावी मूठ फिरवावी लागे. मुठीची हालचाल तारांच्या द्वारे गिअरपेटीपर्यंत पोहोचे. १९८५ मध्ये बजाजचा वाळूज येथील कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुट्या भागांचे उद्योग वाढले. ओतीव भागांपासून त्याच वर्षी आरंभ केलेल्या एंड्युरन्स या उद्योगाने पुढे क्लच, धक्काशोषक व रोधक बनविले.

हस्तचलित पद्धतीला भारतात मोठे आव्हान १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने दिले. तीत दंतचक्रांच्या पायऱ्यांऐवजी पट्टा आणि रुंदी बदलणाऱ्या कप्प्या होत्या. वेग वाढताच केंद्रोत्सारी प्रेरणेने गुणोत्तर आपोआप बदले. हात व क्लच यांचा मेळ शिकण्याची गरज संपल्याने दुचाकी अनेक नवशिक्या चालकांच्या आवाक्यात आली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्येही ‘गिअर असलेली’ व ‘गिअर नसलेली’ मोटारसायकल असे अनुज्ञप्तीचे स्वतंत्र वर्ग आहेत. अशा रीतीने यंत्रातील भेद कायद्यातील भेद बनला. २००९ मध्ये बजाजने स्कूटरनिर्मितीतून माघार घेण्याचे जाहीर केले.

विद्युत् चलित्र स्थिर अवस्थेपासूनच मोठी ओढ देते व फेऱ्यांच्या विस्तृत कक्षेत चालते. म्हणून २०१९ मध्ये सादर झालेल्या विद्युत् चेतकमध्ये व बहुतेक विद्युत् स्कूटरींत एकच स्थिर गुणोत्तर असते. चालक निवडतो ते गिअर नसून विद्युत् प्रवाहाच्या नियंत्रणाचे प्रकार होत. ज्या नावाने गिअरची मूठ घरोघरी ओळखीची केली, त्याच नावाच्या वाहनातून ती नाहीशी झाली.

तथापि गिअरचे प्रयोजन पूर्णपणे संपलेले नाही. भारासह चढ चढताना चलित्र कमी फेऱ्यांत मोठा प्रवाह घेते, तापते आणि त्याची कार्यक्षमता घटते. दौलताबादहून वेरूळकडे जाताना लागणाऱ्या घाटासारख्या रस्त्यावर ही अडचण स्पष्ट होते. अवजड भार वाहणाऱ्या तिचाकीत तिचे महत्त्व अधिक असल्याने २०२३ मध्ये आलेल्या बजाज आरई ई-टेक ९·० या विद्युत् रिक्षात दोन टप्प्यांची स्वयंचलित गिअरयोजना आहे. उलट, अहमदाबादच्या मॅटर उद्योगाने त्याच वर्षी बाजारात आणलेल्या एरा या विद्युत् मोटारसायकलीत चार टप्प्यांचा हस्तचलित गिअर ठेवला आहे.

पायडल मारावयाच्या विद्युत् सायकलीचा विचार वेगळा आहे. तेथे गिअर चलित्रासाठी नसून मुख्यतः मानवी पायासाठी असतो. मिनिटास सुमारे ६० ते ९० फेरे बहुतेकांना सोयीचे वाटतात. स्वयंचलित योजना संवेदकांच्या मदतीने ही गती राखते, पण ती महाग असते व तिची दुरुस्ती विशेष जाणकाराकडूनच करावी लागते. हस्तचलित योजना स्वस्त असून साध्या सायकल दुकानात दुरुस्त होते, परंतु चढ येण्यापूर्वीच गिअर बदलण्याचे भान चालकास ठेवावे लागते.

या स्थित्यंतराचा परिणाम चालकापुरता मर्यादित नाही. एकाच गुणोत्तराच्या वाहनात क्लच, गिअर बदलण्याचे काटे, तारा व बहुतेक दंतचक्रे लागत नाहीत. म्हणजेच वाळूज परिसरातील अनेक कारागिरांचे कौशल्य ज्यांवर उभे आहे, तेच भाग गळतात. त्यांच्या जागी चलित्र, नियंत्रक व विद्युत् घटमाला येतात. २०२४ मध्ये एथर या विद्युत् स्कूटर उद्योगाने बिडकीन येथे कारखाना उभारण्याची घोषणा केली. जुन्या कौशल्यापैकी किती नव्या कामात रुजविता येईल, यावर या औद्योगिक पट्ट्यातील रोजगाराचे स्वरूप बऱ्याच अंशी अवलंबून राहील.